कठडा नसलेला जिना

तमन्ना जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून चपलेचा पट्टा नीट करू लागली, तसा खाली टपरीवर बसलेल्या तिच्या बापाचा, अय्यूबचा, कप ओठांपाशीच थांबला. त्याच पायरीवरून तो पडला होता. पोरगी वर गेली, दार लागलं, तेव्हा कुठे त्याने चहा प्यायला. तो पार थंड झाला होता.

ढाणकीच्या बाजारातला तो लोखंडी जिना विठ्ठलरावांचा. खाली त्यांचं खताचं दुकान, वर गणिताची शिकवणी. एका बाजूला भिंत, दुसरी बाजू उघडी. कठडा नावालाही नाही. टाकीचं पाणी झिरपून पायऱ्यांवर शेवाळ धरायचं. ऐन पावसाळ्यात अय्यूब लेकीची विसरलेली छत्री द्यायला वर चढला आणि उतरताना घसरून सरळ रस्त्यावर आला. डाव्या मनगटात सळई टाकावी लागली. एका हाताने धरायचं आणि दुसऱ्याने जोडायचं, असा वेल्डिंगचा धंदा. तो तेव्हापासून बंद होता.

उमरखेडच्या वैष्णवी वकीलताईंनी सरकारी मोफत मदतीतून त्याची केस घेतली. बाई हुशार, मनाची चांगली. त्यांनी एकच बजावलं होतं की कोर्टाचा माणूस येऊन पाहीपर्यंत जिना आहे तसाच राहिला पाहिजे. कठडा लागला तर पाहणारा म्हणेल, इथून माणूस पडेलच कसा? विठ्ठलरावांच्या वकिलानेही त्यांना तेच सांगितलं, कारण तेवढं वेगळं. आता कठडा लावला म्हणजे चूक कबूल केली. दोन वकिलांचं एकमत व्हायला नशीब लागतं. ते झालं, आणि शेवाळ सुखाने वाढत राहिलं.

अय्यूबची बायको सुग्राबी रोज म्हणायची, पोरीची शिकवणी बंद करा. पण दहावीचं वर्ष. तमन्ना ऐकते कसली. मग अय्यूब रोज संध्याकाळी टपरीवर येऊन बसायचा. समोर दुकानाच्या ओट्यावर विठ्ठलरावही बसायचे, कारण त्यांची नात खुशी त्याच शिकवणीला होती. दोघे एकमेकांकडे बघत नसत. बघायचे ते जिन्याकडे.

त्या दिवशी शिकवणी सुटायच्या वेळेला धो धो पाऊस आला आणि लाइट गेली. वर दार उघडलं, पोरांचा कालवा ऐकू आला, आणि पायऱ्यांवर आपटत एक चप्पल खाली आली. नुसती चप्पल. अय्यूब जिन्याकडे धावला.

पडल्यापासून त्याने त्या जिन्याला पाय लावला नव्हता. आता तो चढला. पोरांना जागीच थांबा म्हणून ओरडला, मधल्या पायरीच्या उघड्या बाजूला उभा राहिला आणि चांगला हात पुढे केला. खाली काळोख होता. आपण आता परत पडणार, असं त्याला वाटलं, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी त्याचा सदरा मुठीत घट्ट धरला. एक पायरी खाली विठ्ठलराव होते, दुसऱ्या हातात मोबाइलचा उजेड.

पोरं एकेक करून अय्यूबचा खांदा धरत उतरली. खुशी उतरली. एका पायात चप्पल घातलेली तमन्ना सगळ्यांत शेवटी उतरली.

"पाइप गोदामात पडून हायेत," विठ्ठलराव म्हणाले. "सकाळी मशीन घेऊन ये."

"वकीलताईनं नाही म्हटलं."

"मलेही माह्या वकिलानं नाहीच म्हटलं."

कठडा लागला की केस लंगडी पडणार, हे अय्यूबला कळत होतं. भीतीही वाटत होती.

"केस मी मागं घेनार नाही, काका."

"नको घेऊ."

"अन् या हातानं पाइप धरनं होत नाही अजून."

"मी धरतो," विठ्ठलराव म्हणाले. त्याचा सदरा त्यांनी अजूनही सोडला नव्हता.