मी बोलावलं होतं

१९६४च्या जूनमध्ये मी दहा वर्षांची होते आणि ओडेसा अकराची. तिची आई व्हर्डेल आमच्या घरी स्वयंपाकाला होती. आम्ही मुलं तिला अगं-तुगं करायचो. ओडेसा मात्र मला, तिच्याहून वर्षाने लहान पोरीला, 'मिस नेल्डा' आणि 'तुम्ही' म्हणायची. आम्ही गोरे आणि ते काळे, एवढं पुरेसं होतं. आमच्या घरात कुणाला ते कधी खटकलं नाही.

त्या रविवारी मी चर्चमध्ये पहिल्यांदाच एकटी गाणार होते. आदल्या दिवशी परसात व्हर्डेलला चादरी वाळत घालू लागताना मी ओडेसाच्या कानाशी लागले. "उद्या ये ना ऐकायला."

"मला आत घेतील?"

"न घ्यायला काय झालं? देवाचं घर आहे ते."

संडे स्कूलमध्ये घोकलेलं मी बोलून गेले, आणि तिने ते खरं मानलं.

त्या उन्हाळ्यात अलाबामात ठिकठिकाणी काळी माणसं गोऱ्यांच्या चर्चच्या दाराशी येऊन उभी राहत होती. आमच्या चर्चनेही त्यांना अडवायला दारावर चार डीकन उभे केले होते. चर्चचा कारभार पाहणारी ती वडीलधारी मंडळी. त्यांत माझे डॅडी होते, हॉलिस टार्पली. डॅडी कधी कुणावर आवाज चढवत नसत. त्या दिवशीही त्यांनी चढवला नाही.

ओडेसा पिवळा, कडक इस्त्रीचा झगा घालून एकटीच आली. मी आत गायकांच्या रांगेत होते. डॅडींनी मला बोटाने खुणावून बाहेर बोलावलं.

"नेल्डा, ही म्हणते तू बोलावलंस. खरं का?"

चारही डीकन माझ्याकडे बघत होते. त्यांच्या मागे पायऱ्यांवर अख्खं गाव. ओडेसा हसली माझ्याकडे बघून. आता सुटले, असं वाटून हसली ती.

"नाही डॅडी," मी म्हटलं.

डॅडी तिच्याकडे वळले. "प्रभूच्या दिवशी खोटं बोलू नये, बाळ. घरी जा." त्यांनी तिचा खांदाही थोपटला.

मी आत गेले आणि गायले. छान गायले, असं सगळे म्हणाले.

सोमवारी व्हर्डेल ओडेसाला घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आली. डॅडी दारात, ममा टेबलाशी. व्हर्डेलने लेकीचा दंड धरला होता. "बोल."

"माफ करा, मिस नेल्डा. मी तुमच्या नावावर खोटं बोलले."

"असू दे," मी म्हटलं.

असू दे! माझ्या तोंडून निघालेले हे दोन शब्द मला आजही झोपू देत नाहीत. डॅडींना माझी उलटतपासणी घ्यावीशी वाटली नाही, साक्ष काढावीशी वाटली नाही. माझ्या शब्दाला वजन होतं आणि ते वजन माझ्या कातडीचं होतं. पुढच्या आठवड्यापासून ओडेसा आमच्याकडे यायची बंद झाली. व्हर्डेल मात्र अजून नऊ वर्षं आमचं जेवण रांधत राहिली.

मी मोठी झाले, शिक्षिका झाले, लग्न केलं. दर रविवारी पापांची कबुली देताना सगळी पापं आठवायची, या एकाला मात्र मी वळसा घालून जायचे. लहान होते मी, असं देवालाच समजावायचे.

मग दोन वर्षांपूर्वी आमच्या चर्चने आणि चार रस्ते पलीकडच्या काळ्यांच्या मेथडिस्ट चर्चने एकत्र जेवणं सुरू केली. इथल्या एका कुटुंबाने तिथल्या एका कुटुंबाला घरी बोलवायचं, मग त्यांनी यांना. माझी लेक लॉरेल उत्साहाने नाव देऊन आली. "ममा, आपल्याला ग्रीअर कुटुंब मिळालंय. त्यांची आजी तुझ्याच वयाची आहे. ओडेसा ग्रीअर."

पहिल्या जेवणाला माझं डोकं दुखलं. दुसऱ्याला पाय. तिसऱ्याला लॉरेल कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "आता काय दुखणार आहे ते आत्ताच सांग, म्हणजे मी औषध आणून ठेवते."

गेले मग लॉरेलच्या घरी. ओडेसा टेबलाच्या पलीकडे बसली होती, केस पांढरेशुभ्र. "कशा आहात, मिसेस हॅम्रिक?" तिने विचारलं. माझं सासरचं नाव तिने घेतलं, दुसरं काही नाही.

जेवताना बोलता बोलता लॉरेल म्हणाली, "आमचे आजोबा आमच्या चर्चचे डीकन होते. फार मायाळू. त्यांनी जन्मात कुणाचं मन दुखावलं नसेल."

ओडेसाने काटा ताटात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. नुसती थांबली ती, माझी पाळी आहे म्हणून. कोंबडा आरवण्याआधी पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, ही गोष्ट संडे स्कूलमध्ये शंभरदा शिकवलेली शिक्षिका मी. मी म्हटलं, "कुणी अजून भात घेणार का?"

गाडीत बसल्यावर मला रडू फुटलं. लॉरेलने गाडी रस्त्याकडेला घेतली आणि मी तिला सगळं सांगितलं. ती समजूत काढेल अशी मला आशा होती. तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"आणि मी तिच्यासमोर आजोबांचं कौतुक करत होते. तू करू दिलंस मला."

"हो."

"उद्या जायचं आपण. मी येते, पण बोलायचं तू."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओडेसाने दार उघडलं, पण आम्हाला व्हरांड्यातच उभं ठेवलं. मी "ओडेसा, तुला..." अशी सुरुवात केली.

"मिसेस ग्रीअर," ती म्हणाली. "आणि तुम्ही."

"मिसेस ग्रीअर, तुम्हाला त्या दिवशी मीच बोलावलं होतं."

"मला काय सांगता? मी तिथेच होते." मग ती बाजूला झाली. "ज्यांना सांगायला हवं त्या आत बसल्यात. माझी आई मला आजही लबाड समजते. त्या सोमवारी घरी जाताना मला विचारत होती, कशाला गं असं रचून सांगितलंस? त्यानंतर तो विषयच नाही. तिला सांगा. माफी मला नको आहे, मला हे हवंय."

व्हर्डेल जिवंत आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. चौकशी केली नव्हती मी कधी. एक्क्याऐंशी वर्षांची, दृष्टी जवळजवळ गेलेली, खिडकीशी खुर्चीत बसली होती. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

"मिसेस मोझली, मी नेल्डा टार्पली. ओडेसा खरं बोलत होती. मी बोलावलं होतं तिला आणि डॅडींसमोर नाही म्हटलं."

म्हातारीने मान हलवली. "ते मला तेव्हाच कळलं होतं, पोरी. तुला न्हाऊमाखू मी घातलंय. तू खोटं बोललीस की पायाचे अंगठे दुमडायचीस. त्या सोमवारी अनवाणी उभी होतीस तू."

ओडेसा माझ्या मागून पुढे आली.

"तुला माहीत होतं?" ती म्हणाली. "आई, तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला माफी मागायला लावलीस ती कशाला?"

"काय करणार होते मी? टार्पलींची लेक खोटारडी आहे, असं त्यांच्या स्वयंपाकघरात उभं राहून म्हणू? त्याच महिन्यात आपल्यातल्यांची दोन घरं पेटवली होती पलीकडच्या रस्त्याला. तुला 'मला ठाऊक आहे' म्हटलं असतं, तर तू ते कुठेतरी बोलली असतीस. तुझं तोंड गप्प बसणारं नव्हतं कधी."

"नंतर? बावन्न वर्षं होती तुझ्याकडे."

व्हर्डेलने तोंड खिडकीकडे फिरवलं. "नंतर लाज वाटली."

ओडेसा बाहेर निघून गेली. मागच्या जाळीच्या दाराचा आवाज झाला. मी उठायला गेले तर व्हर्डेलने माझं मनगट धरलं. "तू नको. तुझं बोलून झालं, तुला हलकं वाटलं असेल. आता माझ्या लेकीला मला तोंड द्यायचंय."

आणि खरंच, क्षणभर मला हलकं वाटलं होतं. तेही तिने ओळखलं. मी पाप उतरवायला आले होते आणि ते त्या दोघींच्या मध्ये ठेवून चालले होते. दहा वर्षांच्या माझ्या एका 'नाही'ने एका आईला लेकीचा जीव आणि लेकीचा विश्वास यांतलं एक निवडायला लावलं होतं, आणि तिने जीव निवडला होता. मला काय निवडावं लागलं होतं? काहीच नाही. थोडीशी बोलणी खाल्ली असती फार तर.

लॉरेलने मला धरून गाडीपर्यंत नेलं. मी पास्टरांशी बोलले आणि पुढच्या रविवारी चर्चमध्ये उभं राहून सगळं सांगितलं, डॅडींच्या नावासकट. व्हर्डेल आणि ओडेसाची नावं मी त्यांना विचारूनच घेतली. 'माझं घे, तिचं तिला विचार,' असा व्हर्डेलचा निरोप होता. ओडेसाने 'घ्या' एवढंच कळवलं. माझा भाऊ डॉयल मध्येच उठून गेला. "मेलेल्या माणसाला भरचर्चमध्ये उघडं करतेस?" म्हणाला. तेव्हापासून तो माझा फोन घेत नाही. दोन कुटुंबं दुसऱ्या चर्चला जाऊ लागली. काही जणींनी मला मिठी मारून 'किती धीट गं तू' म्हटलं, तेव्हा मी मिठी सोडवून घेतली.

ओडेसा आईशी तीन आठवडे बोलली नाही, असं तिच्या सुनेने लॉरेलला सांगितलं. मग एका सकाळी ती व्हर्डेलचे केस विंचरायला बसली आणि दोघी दुपारपर्यंत बसून राहिल्या. काय बोलल्या ते कुणाला माहीत नाही. मला कळायचं कारणही नाही.

ऑक्टोबरात त्यांच्याकडे जेवणाची पाळी होती. आम्हाला बोलावणं येईल असं मला वाटलं नव्हतं. ओडेसाने लॉरेलला फोन केला. "सगळे या. तुमच्या आईलाही आणा. त्यांना म्हणावं, बोलायची गरज नाही."

मी गेले. भिंतीशी एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर बसले. कुणी माझी विचारपूस केली नाही, कुणी अपमानही केला नाही. जेवणं झाल्यावर मी ताटं उचलायला लागले, तर ओडेसा म्हणाली, "राहू द्या, मिसेस हॅम्रिक. आमच्याकडे पाहुण्यांना काम सांगत नाहीत."

मी ताट खाली ठेवलं आणि परत जाऊन बसले.