बाबांची खुर्ची वरच्या कुरणात

मला माझ्या भावाचा हेवा वाटतो. लपवायचं कशाला? केस पिकले माझे, तरी सकाळी त्याचा ट्रॅक्टर सुरू झाला की माझ्या पोटात दुखायला लागतं. ट्रॅक्टरचं काही नाही हो, माझा त्याच्यापेक्षा दणकट आहे. दुखतं ते त्या खुर्चीमुळे. हा आधी खुर्ची उचलून वरच्या कुरणाच्या कडेला नेऊन ठेवतो, मागून काठी टेकत बाबा जातात आणि सावली बघून बसतात, ते थेट जेवायलाच उठतात. माझ्या बागेत बाबा शेवटचे कधी बसले ते मला आठवत नाही.

आमची जमीन अशी आहे : खाली नाशपातीची बाग, वर उघडं कुरण, मधे घर. आई गेल्यापासून बाग मी बघते. छाटणी, फवारणी, गवत, तोडणी, सगळं. कुरण धाकटा बघतो. बघतो म्हणजे, आत्ता कुठे बघायला लागलाय. इतकी वर्षं शहरात नोकरी केली आणि ती सुटल्यावर स्वारी घरी आली. बाबा त्याला लहानपणापासून ‘राजे’ म्हणतात. मला ‘अगं’ म्हणतात.

तर राजेंनी आल्या आल्या पहिलं काम काय केलं, ट्रॅक्टरमागचं गवत कापायचं मशीन घ्यायला गेले. मी शिडीवर, एका हातात कात्री, आणि दुकानातून ह्याचा फोन.

“ताई, कुठलं घेऊ गं? इथे इतके प्रकार आहेत, माझं डोकंच चालेना.”

“लहान घे,” मी म्हटलं. “ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टला अडकवतात ते. टोकाला पोचलं की उचलायचं, वळायचं, परत टेकवायचं. रुंदी ट्रॅक्टरच्या चाकांपेक्षा थोडीच जास्त हवी, म्हणजे चाकाखाली दबलेलं गवत सुटत नाही. आणि क्लचवालं बघ. पात्याला दगड लागला तर क्लच घसरतो, गिअरबॉक्स फुटत नाही.”

एका दमात सांगितलं, कारण सगळं पाठच होतं. कितीतरी दिवस मी मनातल्या मनात हेच मशीन घेत होते. आणि दुसऱ्या दिवशी ते ट्रकमधून उतरलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अगं बाई, हे तर मी माझ्या बागेचं सांगितलं! झाडांच्या दोन ओळींमधून जाणारं, फांद्यांखाली शिरणारं, टोकाला उचलून वळणारं. उघड्या कुरणात ते घेऊन फिरायचं म्हणजे चमच्याने विहीर उपसायची. पण राजे खूश. लाल रंगाचं, नवंकोरं, माझ्या मनातलं मशीन त्यांच्या ट्रॅक्टरमागे उभं होतं आणि बाबा त्याच्या पत्र्यावरून हात फिरवत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग रोजचंच सुरू झालं. वरून आवाज यायचे. “अरे, आधी पातं बंद कर, मग उचल!” “राजे, मधे मिशी ठेवलीत की हो!” कारण ह्याला काही सरळ जाता यायचं नाही, मधे गवताची पट्टी राहून जायची. मग बाबा हसायचे, खोकला येईपर्यंत. मी खाली जुन्या मशीनच्या पात्यात अडकलेलं गवत हाताने ओढून काढत ते हसणं ऐकायचे. माझ्या ओळी सुतासारख्या सरळ, पण त्या बघायला कोण होतं?

शेवटी एके दिवशी मी हात धुतले, साडी बदलली आणि दुकान गाठलं.

“लिफ्टवालं दाखवू का?” दुकानदाराने विचारलं. “मागे तुमच्या भावाने नेलं, तेच.”

“तेच नको. त्याच्यापेक्षा रुंद दाखवा.”

त्याने मागच्या अंगणात नेलं. तिथे ते होतं. ओढायचं मशीन, स्वतःच्या चाकांवर चालणारं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायला मान वळवावी लागेल एवढं. राजेंचं मशीन त्याच्यापुढे खेळणं वाटलं असतं.

“हे छान आहे,” दुकानदार म्हणाला, “वजन स्वतःच पेलतं, ट्रॅक्टरवर भार येत नाही. पण मॅडम, तुमची बाग आहे ना? टोकाला वळायला जागा किती आहे?”

“आहे.”

“नाही म्हणजे, ह्याला मोठा वळसा लागतो. आणि मागे घेताना...”

“मी ट्रॅक्टर चालवायला लागले तेव्हा तुम्ही शाळेत जात होता. गाडीत चढवा.”

जागा किती होती ते मला चांगलं ठाऊक होतं. ओळी संपल्या की एक पायवाट, तिच्यापलीकडे पाण्याने भरलेला कालवा. डोळे मिटून सांगेन मी. पण त्या क्षणी डोळ्यांपुढे बाग नव्हतीच हो. मला फक्त बाबांची खुर्ची दिसत होती, माझ्या पायवाटेच्या कडेला ठेवलेली.

मशीन घरी आलं. सकाळी चहाच्या वेळी मी बाबांना म्हटलं, “आज माझं नवीन मशीन चालवतेय. येता का खाली?”

“येईन की,” बाबा म्हणाले. “पण आज राजेंना कबूल केलंय. आज उताराची बाजू आहे, तिथे घोटाळा करेल तो.”

झालं. मी कप तसाच ठेवला आणि उठले.

पहिली ओळ मात्र काय सुरेख कापली गेली म्हणून सांगू! अर्धवट काही नाही, एका फेरीत इकडच्या झाडापासून तिकडच्या झाडापर्यंत साफ. मी मनात म्हटलं, बघा, बसा तिकडे मिश्या बघत. आणि ओळ संपली. पुढे कालवा. मी वळवायला गेले, तर मागचं धूड शेवटच्या झाडाला टेकलं. मागे घ्यायला गेले, तर मी चाक उजवीकडे वळवलं की ते बेणं डावीकडे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. झाडाची साल सोलली गेली. मशीनचं एक चाक कालव्याच्या काठावरून घसरलं, सगळं तिरकं झालं आणि ट्रॅक्टर जागच्या जागी गुरगुरत राहिला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मी इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. चाळीस झाडांना आळी खणताना रडले नव्हते कधी.

वरून इंजिन बंद पडल्याचं ऐकून धाकटाच उतरून आला. मला वाटलं आता हसेल. हसला असता तर मी पाना फेकून मारला असता. त्याने नुसती पँट दुमडली, कालव्यात उतरला आणि खांदा लावला. आम्ही हूक सोडला, फळ्या घातल्या, जॅक लावला. तो खालून ढकलत होता, मी वरून ओढत होते. मशीन एकदाचं वर आलं तेव्हा दोघंही चिखलाने माखलो होतो.

“ताई,” तो धापा टाकत म्हणाला, “हे कुरणात किती मस्त चालेल गं. आणि माझं इथे. बदलायचं का?”

इतकं साधं होतं ते. पण तेही त्यानेच सुचवायला हवं होतं का?

“बदल,” मी म्हटलं. “पण हे जे झालं, ते बाबांना सांगितलंस तर तंगडं मोडीन.”

“नाही सांगत, आईशप्पथ.”

आणि खरंच नाही सांगितलं त्याने. बाबांना म्हणाला, कुरण उघडं आहे म्हणून ताईने मोठं मशीन मला दिलं. माझ्यासाठीच विचार करून घेतलं होतं म्हणे! खोटारडा. आता त्याच्या चांगुलपणाचाही हेवा करायची पाळी आली माझ्यावर.

लहान मशीन बागेत आलं आणि माझं काम लोण्यासारखं व्हायला लागलं. टोकाला पोचायचं, पातं बंद, उचल, वळ, टेकव. मला हवं होतं तेच, अगदी तसंच. मग मी वर बघितलं. वर ते रुंद मशीन ऐटीत फिरत होतं, मागे गवताचा पट्टा लोळत होता आणि बाबा खुर्चीत बसून काठी आपटत होते. “शाब्बास, राजे! आता जरा डावीकडे!”

मला राहवलं नाही. ट्रॅक्टर ओळीच्या मधेच सोडला आणि तरातरा चढण चढून वर गेले. धाकट्याने मला येताना बघितलं आणि इंजिन बंद केलं.

“बाबा,” मी म्हटलं, “तुम्ही रोज इथेच का बसता? माझ्याकडे का नाही बसत?”

बाबांना प्रश्नच कळला नसावा.

“तुझ्याकडे बसून काय करू?” ते म्हणाले. “तुला सगळं येतं. तुझं कधी काही चुकतच नाही, मग सांगू काय तुला? ह्याच्याकडे बघावं लागतं. हा कुठे पडेल, काय मोडेल, जिवाला घोर असतो. तू आहेस म्हणून मी खालचा विचारच करत नाही.”

कौतुकच ते. एवढं कौतुक त्यांनी जन्मात केलं नव्हतं. आणि मला वाटलं, कुणीतरी दार लावून घेतलं. म्हणजे नीट काम करत गेले म्हणून मी एकटी! धाकटा ट्रॅक्टरवर बसून नखं बघत होता. तोंडातून एक शब्द काढला नाही त्याने, दिलेला शब्द पाळत होता.

“चुकतं माझं,” मी म्हटलं. “ते मोठं मशीन मी ह्याच्यासाठी नव्हतं घेतलं. ह्याच्यावर जळून घेतलं, तुम्ही बघायला यावं म्हणून. आणि पहिल्याच दिवशी कालव्यात घातलं. ह्याने काढलं. झाड सोललंय, खाली आहे, बघा जाऊन.”

बाबांनी काठी रोवली, उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. मग त्यांनी हात पुढे केला, राजेंकडे नाही, माझ्याकडे.

“कुठलं झाड?” ते म्हणाले. “चल, दाखव.”