तिसऱ्या खेपेला पास

"पाठव की राव, त्यात विचार काय करायचा?" अजिंक्य सर गणराजच्या खुर्चीमागे उभे होते. "एकशे बारा टेस्ट, एकशे बारा पास. आपला रिपोर्ट क्लीन आहे. सुटलो भावा आपण."

गणराज काळोखेने रिपोर्ट जोडला आणि मेल पाठवून दिला. चाकणजवळच्या, पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपने तो मागवला होता. आठ दिवसांपूर्वी तिथे एका बाईची दोन बोटं गेली होती. ज्या प्रेसवर गेली, तिच्या तोंडाशी गणराजच्या कंपनीचा सेन्सर होता. दोन उभ्या पट्ट्या आणि मधे डोळ्यांना न दिसणारा प्रकाशाचा पडदा. त्यात हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबायला हवी. त्या दिवशी ती थांबली नव्हती.

असा प्रत्येक सेन्सर गेटबाहेर जाण्याआधी तपासायचं काम गणराजचं. त्याने पायथॉनमध्ये एक स्क्रिप्ट लिहिली होती. ती चालू केली की संगणक एकामागून एक एकशे बारा चाचण्या घ्यायचा आणि शेवटी स्वतःच रिपोर्ट काढायचा. पास ते हिरवं, नापास ते लाल. सात वर्षं झाली होती. डिस्पॅचची मंडळी आता त्याला 'गणराज' म्हणून हाक मारतच नसत, दारातून डोकावून 'हिरवं झालं का?' एवढंच विचारत.

सर चहाला गेले आणि गणराजने संगणकातली जुनी नोंद उघडली. रिपोर्टात चाचणीपुढे एकच निकाल येतो. प्रत्येक खेपेला काय घडलं ते मात्र संगणकात साठून राहतं. ते कोणी बघत नाही. त्या सेन्सरचा नंबर सापडला. चाचणी सत्तेचाळीस: वीज क्षणभर दबली तरी पडदा चालू राहतो का. पहिली खेप नापास. दुसरी खेप नापास. तिसरी पास.

त्याने स्क्रिप्ट उघडली.

दीड वर्षापूर्वी तपासणीच्या टेबलावरचा, वीज जोडणारा-तोडणारा एक रिले सैल झाला होता. चांगला सेन्सरही उगाच लाल दाखवायचा. महिनाअखेर होती, गाडी गेटवर उभी होती. सर म्हणाले, "तीनदा चालव. एकदा पास झालं की पास धर." गणराजने तशी ओळ स्क्रिप्टमध्ये घातली आणि तिच्यापुढे स्वतःसाठी टीप लिहिली: तात्पुरतं, रिले बदलल्यावर काढणे. नवा रिले चौथ्याच दिवशी आला. त्यानेच तो बसवला. ओळ तशीच राहिली.

राहिली म्हणजे आधी विसरली. मग एकदा आठवली. पण तेव्हा रिपोर्ट रोज हिरवे येत होते, डिस्पॅच खूश होतं, आणि त्याने उघडलेली फाइल तशीच बंद केली. हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, मोसंबीची पिशवी घेऊन तो दवाखान्यात गेला. बाईंचं नाव शालनबाई. जालन्याकडच्या, चाळिशी नुकतीच ओलांडलेल्या. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी.

"कंपनीतून आलोय," तो म्हणाला.

कुठल्या, ते तिने विचारलं नाही. पाय आखडून घेऊन तिने कॉटवर जागा केली. "बसा दादा. तुमाला उगं तरास झाला माझ्यापायी."

"मला कसला त्रास?"

"लाइन बंद पडली ना तीन दिवस. मशीनीत खोट न्हाई, दादा. मलाच डुलकी लागली असंल. सुपरवायझर आले होते काल. म्हणले, सेन्सरवाल्यांचा कागद आलाय, त्यात समदं बराबर हाय. मग मशीन बराबर म्हणल्यावर चुकलं कोण? मीच की. तसं लिहून घेतलंय त्यांनी." तिने डाव्या हाताचा अंगठा दाखवला. शाईचा निळा डाग अजून होता. "सही येती मला. सातवी शिकलेय. पण उजवा असा, म्हणून अंगठा दिला."

शेजारच्या कॉटवरून सरूबाई नावाची म्हातारी कडाडली, "डुलकी म्हनं! अहो साहेब, ही बया आठ दिस झालं टक्क जागी हाय. मलाबी झोपू देत न्हाई. हिला मशीनीवर डुलकी लागली असंल ना, तर मी परत लगीन करीन!"

"कोण करायलंय तुमच्याशी मावशी?" शालनबाई हसली. हसता हसता तिचा आवाज खाली आला. "लेक हाय माझी, तनुजा. बारावीला. ती म्हणती, आई, एवढी कशी गं झोपलीस? आता तिच्या तोंडाकडं बघायची लाज वाटती बघा. फीपायी डबल पाळी करत होते, ते तिला ठाव हाय. तिला वाटतंय, तिच्यापायीच झालं."

गणराजच्या जिभेवर शब्द आले होते. त्याने मोसंबी उशाशी ठेवली, "काळजी घ्या" म्हणाला आणि बाहेर पडला. जिन्यात त्याच्याकडे कोणी तरी वाट मागितली, तेव्हा कळलं की आपण मधेच उभे आहोत.

त्या दिवशी एकादशी होती. देहूत लहानपणापासून ज्या देवळात तो टाळ घेऊन उभा राहत आला होता, तिथे संध्याकाळी कीर्तन होतं. घरी बसून राहायची भीती वाटली म्हणून तो गेला. मृदंगावर थाप पडली की एरवी त्याचा दिवसभराचा शिणवटा पायांतून उतरून जायचा. बुवा असा गळा लावत, की मागचे टाळकरी आपोआप एक सूर वर चढत. आज हात ठेक्यात चालले होते, पण गळ्यातून ध्रुपद फुटत नव्हतं.

निरूपण रंगात आलं होतं. बुवा सांगत होते, "देवाला फसवायला निघता, आन् चपला तेवढ्या बाहेर काढून ठेवता! आरं बाबांनो, चपला न्या आत. घाण त्यांना न्हाई लागलेली!" मंडप खदखदून हसला. गणराजच्या हातातला टाळ चुकला. शेजाऱ्याने कोपर मारलं.

आरती झाली आणि रीतीप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. इथे वय बघत नाहीत; नातू आजोबांच्या पडतो आणि आजोबा नातवाच्या. पंचाहत्तरीचे लक्ष्मणराव गुडघ्यावर हात टेकून त्याच्यापुढे वाकले. गणराजने झटकन पाय मागे घेतले.

लक्ष्मणराव वाकलेलेच राहिले. "आरं, पाय का वढतो? मी काय तुझ्या पडतोय व्हय? आत जो हाय त्याच्या पडतोय."

"तिथंच खराबी हाय, नाना."

म्हातारा सरळ झाला. त्याला बाजूला खांबापाशी घेऊन गेला. गणराजने चार वाक्यांत सांगितलं. ओळ, रिपोर्ट, बाई, अंगठा.

"आन् हे मला का सांगतो?" लक्ष्मणराव म्हणाले. "मी त्या बाईचा कोण? मला सांगितल्यानं तुला बरं वाटंल, तिला काय? जा घरी. सकाळी काय करायचं ते तुला म्हाईत हाय, न्हाईतर पाय वढला नसतास."

सकाळी पहिल्या पाळीच्या आधीच तो टेबलाशी बसला. ती ओळ त्याने काढली. दीड वर्षातल्या साठलेल्या नोंदी वाचायला दुसरी स्क्रिप्ट लिहिली. पहिल्या खेपेला सत्तेचाळीस नंबरात नापास झालेले आणि तरी हिरवे म्हणून गेलेले सेन्सर निघाले एकतीस. रिपोर्टात त्याने नवा रकाना घातला, 'पहिली खेप'. एकतीस लाल चौकोन एकाखाली एक आले. खाली चार ओळींत झालेली चूक लिहिली आणि सही केली.

अजिंक्य सर वाचता वाचता उभेच राहिले. "हे कोणी मागितलंय तुझ्याकडे?"

"कोणी नाही, सर."

"तीनदा चालव, हे मी तोंडी म्हणालो होतो. लिहिलेलं कुठेच नाही. स्क्रिप्टवर नाव तुझं आहे."

"म्हणून सही मीच केलीय. तुमचं नाव घातलेलं नाही."

सर खुर्चीत बसले. "राव, निकालाचा रकाना मी रोज बघायचो," ते हळू म्हणाले. "एकदाही लाल नाही, याचं मला नवल वाटायला पाहिजे होतं." मग उठून गेले. गणराजने मेल पाठवला: प्रेस शॉपला, मोठ्या साहेबांना, एकतीसही पत्त्यांवर.

दुपारपर्यंत फोनवर फोन गेले, मशीन बंद ठेवा म्हणून. दोन वाजता एचआरच्या बाईंनी त्याचं ओळखपत्र मागून घेतलं. चौकशी होईपर्यंत घरी.

तो घरी गेला नाही. दवाखान्यात शालनबाई कॉटवर बसून होती. सरूबाईला तपासणीला नेलं होतं. गणराज या वेळी बसला नाही.

"काल मी कंपनीतून आलो म्हणालो. तुमच्या नाही. ज्यांचा सेन्सर आहे त्या. तो तपासायचं काम माझं आहे."

तिने मान वर केली.

त्याने सगळं सांगितलं. तीन खेपा, तिसऱ्या खेपेला पास, हिरवा रिपोर्ट. सोप्या शब्दांत सांगायला गेला तसतसं ते आणखी उघडं पडत गेलं.

"म्हणजे मी हात घातला, तवा तो पडदा बंद होता?"

"हो. वीज दबली असणार. तुमची चूक नव्हती."

"आन् तुमाला ठाव होतं?"

"ठाव होण्याची सोय होती. मी बघायचं टाळलं."

त्याने रिपोर्ट पुढे केला. तिने घेतला नाही. खिडकीबाहेर कपडे वाळत होते, तिकडे बघत राहिली. गणराजला वाटलं, आता शिवी येईल. त्याला ती हवी होती.

तिने डाव्या हाताने उशीखालचा मोबाइल काढला. नंबर दोनदा चुकला. मदतीला तो पुढे झाला, तशी ती म्हणाली, "राहू द्या." तिसऱ्यांदा तिकडे घंटी वाजली.

"तनू? हां, जेवले. तू जेवलीस का? बरं. ऐक. मी झोपले नव्हते."

तिकडून काय उत्तर आलं, ते गणराजला ऐकू आलं नाही. शालनबाई फोन कानाशी धरून ताठ बसली होती.