सकाळी दुसरा गिअर पडत नाही

मी गिअरचा दांडा बोलतोय. ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी उभा असतो ना, तोच. गाडीत बसणाऱ्यांचं लक्ष काचेबाहेर नाहीतर मोबाइलमध्ये असतं, त्यामुळे माझी चौकशी कुणी करत नाही. मी मात्र सगळ्यांना तळहातावरून ओळखतो. घाबरट हात घामेजलेला असतो, तापट हात मला मुळासकट उपटायला निघतो, आणि ज्याला खरंच गाडी येते त्याचा हात आहे की नाही हे मला पटकन कळतही नाही.

हल्ली ऑटोमॅटिक गाड्यांचं पेव फुटलंय. त्यांतले दांडे दिवसभर एका जागी बसून असतात. मला ते जमलं नसतं. मला चार गिअर पुढचे, एक मागचा, आणि मुंबईच्या रस्त्यावर त्यांतले पहिले दोनच खरे कामाचे.

माझा जन्म कारखान्यातला. एका पांढऱ्या व्हॅनमध्ये मला बसवलं आणि ती गिरगावातल्या गंगाधरपंतांच्या दारात उभी राहिली. रविवारी गाडी पुसायची, चौपाटीपर्यंत न्यायची आणि परत आणून झाकायची, एवढाच त्यांचा कार्यक्रम. चौथा गिअर त्यांनी मला मोजून दोनदा दाखवला असेल. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि व्हॅन वरळी कोळीवाड्यात गुणवंतीकडे आली.

गुणवंती लालबागच्या बाजारात मासे विकते. पहाटे भाऊच्या धक्क्यावर लिलावात माल घ्यायचा आणि उजाडल्यावर बाजारात मांडायचा. पूर्वी सहा जणींनी मिळून एक टेम्पो केला होता. तो त्याच्या मर्जीने यायचा आणि या पोचेपर्यंत चांगला माल उचललेला असायचा. म्हणून तिने ही व्हॅन घेतली. दोन वर्षं तिचा मुलगा प्रितेश चालवायचा. मग तो जहाजावर नोकरीला लागला आणि तिचा नवरा रघू म्हणाला, आता विकून टाकू.

"कशाला विकायची? मी शिकते," गुणवंती म्हणाली. तेव्हा ती एक्कावन्न वर्षांची होती.

डिलाईल रोडवरच्या ड्रायव्हिंग क्लासमध्ये ती एकवीस दिवस गेली आणि पहिल्या फटक्यात परीक्षा पास झाली. तिचा हात खरखरीत, बोटांवर मासे साफ करताना झालेल्या जखमा. तरी मला तो हात आवडला. घाई नाही, दमदाटी नाही. मासळीचा वास मला लागला तो आजही गेलेला नाही, पण धक्क्यावर सगळ्यांच्या आधी पोचून मनासारखी पाटी उचलताना तिला काय वाटायचं ते मला ठाऊक आहे. परत येताना ती गुणगुणायची.

आता रघूची गोष्ट. त्याची छोटी होडी आहे. पावसाळ्यात होडी किनाऱ्यावर ओढली की त्याचे हात शिवशिवतात. आमच्या गिअरबॉक्समधून घूंऽऽ असा बारीक आवाज यायचा. वयच झालंय, यायचाच. रघूने एका दुपारी गोणपाट अंथरलं, गाडीखाली शिरला, जुनं तेल काढलं आणि जाळं ओढायच्या यंत्रासाठी आणलेलं तेल ओतलं. चांगलं जाड, चिकट. आवाज बंद झाला. "बघ, कशी गप केली," असं तो गुणवंतीला म्हणाला आणि नंतर ते सगळं विसरून गेला. माझ्या पायाशी काहीतरी जड आलंय हे मला तेव्हाच कळलं होतं. पण पावसाळा आणि ऑक्टोबरचा उकाडा, तेल पातळच राहिलं. माझंही चालून गेलं.

मग जानेवारी आला. मुंबईची थंडी म्हणजे नाशिककडच्या माणसाला हसायला विषय, पण त्या आठवड्यात पारा चौदावर उतरला आणि कोळीवाड्यात माकडटोप्या निघाल्या. गार पहाटे गाडीचं सगळंच आळसावतं. बॅटरी कण्हते, समोरच्या काचेवर धुकं धरतं, क्लच जड लागतो. हे दोन-चार मिनिटांत सुटतं. माझं सुटेना. दुसऱ्या गिअरमध्ये जाताना आतली चाकं एकमेकांच्या वेगाला यावी लागतात, मगच दात बसतात. त्या गार चिकट तेलात ती वेळेवर जुळेनात. गुणवंतीने मला नेहमीसारखं खाली ओढलं आणि आतून खर्रर्र असा आवाज आला. पुन्हा ओढलं. पुन्हा खर्रर्र.

ती घाबरली. मग पहिल्यावरून थेट तिसरा टाकायला लागली, की इंजिन गचके देऊन बंद. वरळी नाक्याच्या सिग्नलला आम्ही असे तीनदा अडकलो. मागून हॉर्न, आणि एक टॅक्सीवाला खिडकीतून ओरडला, "मावशी, पहले सीख के आओ!" त्या दिवशी ती धक्क्यावर उशिरा पोचली. चांगली पापलेटं गेली होती. परतताना गुणगुणणं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. माझ्याच तोंडून तिची बेइज्जती होत होती.

गाडी गल्लीतून निघतानाच रघूने तो आवाज ऐकला होता. घरी बोलला ते बोललाच, पण गल्लीच्या तोंडाशी दोस्तांत बसूनही बोलला, "बायमानसाचा हात गिअरवर बसत नाय. मशीन फोडून टाकील." दोस्त हसले. दुसऱ्याच दिवशी त्याने गिऱ्हाईक बघितलं. परळला केटरिंग करणारा अजित, रविवारी दुपारी गाडी बघायला येणार होता.

 गुणवंतीलाही वाटायला लागलं होतं, की हात आपलाच चुकतोय.

रविवारी टळटळीत ऊन होतं. अजितने गाडी कोळीवाड्यातून काढली, गुणवंती मागे बसली होती. गाडी सकाळपासून उन्हात तापलेली. त्याने मला पहिल्यात टाकलं, दुसऱ्यात टाकलं, तिसऱ्यात टाकलं. मी लोण्यात सुरी जावी तसा गेलो. जाऊ नये असं मनात होतं, पण दांड्याला नाटक करता येत नाही.

"गिअर एकदम मख्खन आहे हो!" अजित खूश झाला.

मागे गुणवंती ताठ झाली. "परत टाका बघू दुसरा," ती म्हणाली. त्याने टाकला. "परत." तो हसला, पण टाकला. मी तिन्ही वेळा मुकाट गेलो.

गाडी परत आली. रघू सौदा पक्का करायला हात पुढे करून आला, तेवढ्यात गुणवंतीने अजितला सांगितलं, "भावा, दोन दिसांत फोन करते. आज नाय."

तो गेल्यावर रघू तडकला. "मी शब्द दिला गो त्याला!"

"अवं, दुपारी पडतो तो गिअर सकाली का पडत नाय? माझा हात सकाली येगला नि दुपारी येगला हाय काय? सकाली बाटलीत खोबरेल थिजतं, दुपारी पातल होतं. आत तसंच काय तरी हाय."

"काय पन बोलतेस."

"बरं. मग उद्या सकाली तुमी चालवा. तुमचा हात बसला तर मी स्वताच्या हातानं चावी देते अजितला. आनि परत इस्टेरिंगला हात नाय लावनार."

एवढी मोठी पैज तिने माझ्या भरवशावर लावली होती. रात्रभर मी देवाजवळ एकच मागणं मागत होतो, की थंडी कमी होऊ नये.

झाली नाही. सोमवारी पहाटे रघूच्या तोंडातून वाफ निघत होती. लायसन त्याच्याकडे जुनंच होतं. तो रुबाबात बसला, पहिला टाकला, निघाला, आणि मला दुसऱ्यात ओढलं. खर्रर्र! त्याने जोर लावला. खर्रर्रर्र! गल्लीच्या तोंडाशी शेकोटीला बसलेले दोस्त मान वळवून बघायला लागले. तिसऱ्या वेळी गाडी गचकून तिथेच बंद पडली, बरोबर त्यांच्या समोर. शेजारी गुणवंती काचेवरचं धुकं पुसत राहिली. रघूचा तळहात माझ्यावर तसाच होता, ओला, आणि हळूहळू ढिला झाला.

त्या दिवशी ती टेम्पोने धक्क्यावर गेली. दुपारी दोघांनी गाडी डिलाईल रोडला दौलत मेकॅनिककडे नेली. रात्रभर गाडी तिथेच राहिली आणि मंगळवारी सकाळी ती थंड असतानाच दौलतने दोघांसमोर खालचा बोल्ट उघडला. तेल पडेना. मग दोरीसारखं लोंबत लोंबत आलं. दौलत बघतच राहिला.

"हे कुणी टाकलं? ह्या गाडीचं नाय हे तेल. थंडीत दुसरा कसा पडणार? अजून महिनाभर असंच चाललं असतं तर दात गेले असते."

रघू त्या धारेकडे बघत होता.  "मीच," एवढंच म्हणाला.

दौलतने योग्य ते पातळ तेल भरलं. घूंऽऽ परत आला. गुणवंतीने अजितला तिथूनच फोन केला, की गाडी विकायची नाही.

बुधवारी पहाटे ती गाडीत बसली. दोन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवलं, दौलतने सांगितलं होतं तसं. शेकोटीजवळून एकाने विचारलं, "रघू, इकली काय रं गाडी? वैनीचा हात बसला काय?"

रघू उभा होता तिथूनच बोलला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तिचा हात पयलेपासून बराबर होता. तेल मीच चुकीचं ओतलं, आनि नाव तिचं खराब केलं."

शेकोटीपाशी कुणी हसलं नाही. गुणवंतीने पदर खोचला आणि समोर बघत राहिली. तिचा हात माझ्यावर होता, त्याने तिने मला एकदा हलकेच थोपटलं. रघू खिडकीशी आला.

"मी येऊ धक्क्यावर?"

"या. पन मागं बसा. पाट्या धरायला मानूस लागतो."

तर मंडळी, सध्या माझं असं चाललंय. वयाने थकलोय, घूं घूं करतो, वास मारतो. माझं एकच मागणं आहे. थंडीच्या सकाळी मला दोन मिनिटं द्या, दुसऱ्यात हळू न्या, जबरदस्ती करू नका. आणि तरीही मी अडलो, तर धरणाऱ्या हाताला बोल लावण्याआधी खाली वाकून बघा, आत काय ओतलंय ते.

आता रजा द्या. वरळी नाक्याचा सिग्नल सुटतोय. मागे पाट्या धरून बसलेला माणूस म्हणतोय, "सावकाश गो, घाई नाय," आणि ती मला दोन बोटांनी दुसऱ्यात नेतेय.