सोनाबाईंच्या खिडकीवरची चादर

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी चादर आहे. कर्जतच्या बाजारातून सोनाबाईंनी मला लेकाच्या लग्नासाठी आणलं, तेव्हा मी दुधासारखी शुभ्र होते. पाहुणे आले की मला अंथरत, गेले की धुऊन घडी करून ठेवत. फार कौतुकाचे दिवस होते ते.

पुढे माझं सूत विरलं. माझ्यावर कुरडया वाळल्या, भात वाळला आणि शेवटी मी मोरीजवळच्या खुंटीवर लटकले. आता फरशी पुसायलाच जायचं, हे मला कळून चुकलं होतं.

सोनाबाईंची पळसदरीला धरणाच्या वाटेवर खाणावळ आहे. हाताला चव मोठी, पण गिऱ्हाईक दारात थांबत नसे. फलकावरचे फोटो ट्यूबलाइटखाली काढलेले होते. त्यांत रस्सा काळा दिसे आणि भाकरी शिळी.

"दिवाळीला बंद करू गं खानावळ," असं त्या एकदा सुनेला, नम्रताला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नम्रतानं खिडकीपाशी टेबल ओढून त्यावर ताट मांडलं. पण थेट उन्हात रस्सा नुसता तेलकट चकाकत होता. तिनं इकडेतिकडे पाहिलं, खुंटीवरून मला काढलं, स्वच्छ धुतलं आणि खिडकीवर ताणून बांधलं.

"अगं, ह्ये पोतेरं कशाला बांधतीस?"

"आई, चहाला गाळणी लागते ना, तशी उन्हालाही लागते. बघा तरी!"

ऊन माझ्या विरलेल्या धाग्यांतून गेलं आणि मऊ झालं. नवी, जाड असते तर मला हे जमलं नसतं. उजेड ताटावर परतावा म्हणून सावलीच्या बाजूला नम्रतानं एक पांढरा पुठ्ठा उभा केला, मोबाइलवर फोटो काढला आणि सासूबाईंपुढे धरला. तांदळाच्या भाकरीची वाफसुद्धा त्यात दिसत होती.

सोनाबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"ही माझी भाकर हाय? जल्मभर थापली, पन कधी बघितलीच नाय गं मी!"

त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

नवे फोटो फलकावर लागले, लोकांच्या मोबाइलवरही पोचले. धरणावर येणारी माणसं थांबू लागली, जेवून "छान झालंय" म्हणू लागली. दिवाळी आली नि गेली, चूल पेटतीच राहिली. नम्रता मला अजूनही हलक्या हातानं धुते. तिचे उपकार मी विसरणार नाही.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घास घेण्याआधी ताटाकडे नीट बघा आणि ज्यांनी रांधलं त्यांना "छान झालंय" म्हणा. सोनाबाईंना ते फार उशिरा ऐकायला मिळालं.