डावीकडची मोटर

"दाजी, बोट अजून डावीकडेच ओढतेय," पुढे चाक धरून बसलेला मेहुणा म्हणाला.

दाजी बोटीच्या मागच्या फळीकडे तोंड करून बसले होते आणि भलतेच खुशीत होते. मोटरीने छळलं की त्यांना असंच व्हायचं. जुन्या, निरनिराळ्या घरच्या दोन मोटरी एकाच बोटीला लावायच्या आणि नुसत्या कानाने त्यांचा जोर सारखा करायचा, यात त्यांची हयात गेली होती. दाजींनी सोयरीक जमवली की काडीमोड होत नाही, अशी धक्क्यावर थट्टा चालायची. ही मेहुण्याची पहिलीच स्वतःची बोट. उद्यापासून ती माणसं घेऊन पलीकडच्या काठाला जाणार होती. वाकडी गेली असती तर पोराचं हसू झालं असतं आणि दाजींच्या कानाची अब्रू गेली असती.

त्यांना डाव्या हाताची मोटर मंद ऐकू येत होती. सकाळपासून तिचा जोर वाढवायला तिचाच स्क्रू ते फिरवत होते. आता मात्र त्यांनी बोट धक्क्याला घ्यायला लावली, दोन्ही मोटरी उतरवल्या आणि अदलाबदल करून पुन्हा बसवल्या.

सुरू करून बघतात तर काय, परत डावीकडचीच मंद! मघाशी उजवीकडे ठणठणीत असलेली मोटर डावीकडे येताच मलूल झाली होती. ही काय भानगड? दाजींनी फळी ठोकून पाहिली, पेट्रोलची नळी चाचपली. दोष कशात म्हणून सापडेना. त्यांना तर मजाच वाटू लागली. नळी टाकीकडच्या टोकाला बघावी म्हणून ते उठले आणि मोटरींकडे पाठ करून बसले.

मंद मोटर बाजू बदलून गेली.

दाजींनी पुन्हा तोंड फिरवलं. मग पाठ केली. मग एकेका कानावर हात ठेवून पाहिला. मोटरी बिचाऱ्या आपल्या जागी चालू होत्या. बायको कधीपासून म्हणत होती की तुम्हाला माझं ऐकायचंच नसतं, आणि दाजी ते हसण्यावारी नेत होते. ती रात्री त्यांच्या डाव्या अंगाला झोपायची.

त्यांनी मोटरी बंद केल्या.

"मोटरी चांगल्या आहेत रे," ते म्हणाले. "माझा डावा कान गेलाय."

वय झालं की व्हायचंच, डॉक्टरला दाखवू, असं काहीबाही मेहुणा पुटपुटला. दाजींनी त्याला मागे बोलावलं. मी स्क्रू फिरवतो, तू ऐकून सांग, म्हणाले. धक्क्यावर आणखी कुणाला हाक मारू का, असं मेहुण्याने विचारलं. दाजींनी मान हलवली. नको.

मेहुणा जागा होती तिथे, हत्यारांच्या पेटीशेजारी टेकला. मोटरी सुरू झाल्या. दाजींनी डोळे मिटले आणि स्क्रू हळूच फिरवला.

"आता?" त्यांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. दाजी थांबले. त्यांनी पुन्हा विचारलं, "आता रे?"

मेहुण्याचं दोनदा सांगून झालं होतं. तो उठला, पेटी ओलांडून दाजींच्या उजव्या बाजूला येऊन बसला आणि तेच पुन्हा एकदा म्हणाला, "अजून जरासं, दाजी."