राणीआईसमोरचा खांदा

वेल्डिंग करताना याव बादूच्या डाव्या खांद्यावर ठिणगी पडली, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. जखम शेंगदाण्याएवढी. ती भरली, पण वण वाढतच राहिला. फुगून, चकाकत खेकड्यासारखा पसरला. घानातल्या कुमासी शहरातल्या एका इस्पितळात कापून घेतला, तर वर्षभरात दुप्पट होऊन परत आला. तेव्हापासून बायकोखेरीज कुणी तो खांदा पाहिला नव्हता. उकाड्यातही सदरा अंगातच.

तो पन्नाशीला आला आणि मामा वारला. त्यांच्यात वारसा आईकडून चालतो, म्हणून थोरला भाचा या नात्यानं घराण्याचं वडीलपण त्याच्याकडे आलं. आता होकारासाठी राणीआईला, म्हणजे गावच्या मानाच्या प्रमुख बाईला, भेटायला जाणं भाग होतं, आणि तिच्यासमोर चपला काढून डाव्या खांद्यावरचं वस्त्र खाली उतरवायचं, ही रीत.

"वडीलपण कोफीला द्या," तो म्हणाला. कोफी त्याचा धाकटा भाऊ.

"लोखंड वाकवता, नि एवढ्याशा वणापुढे तुम्हीच वाकता?" बायको अकुआ म्हणाली. "उठा, अंघोळीला पाणी काढलंय."

वाड्यावर त्यानं डोळे मिटूनच वस्त्र उतरवलं. मंडळींत कुजबुज झाली. राणीआई ऐंशीची. तिच्या वतीनं बोलणारा प्रवक्ता तोंड उघडणार, तोच तिनं त्याला हातानं थांबवलं.

"जवळ ये रे. खाज सुटते का?"

"कोरडं वारं सुटलं की जीव नकोसा होतो, राणीआई."

"कापलास?"

"एकदा. दुप्पट झाला."

"होणारच! माझ्या आईला कान टोचल्यावर असाच आला होता, लिंबाएवढा. तिनं कापला, तर संत्र्याएवढा झाला. मग ती घरात दडून बसली होय? बाजारात सगळे 'संत्रेवाली' म्हणूनच हाक मारायचे. विकायची मात्र मासळी, आणि तिचीच आधी संपायची!"

अख्खी बैठक खदखदून हसली. यावही हसला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. राणीआईनं वडीलपणाला होकार दिला.

दुपारी अंगणात फुफूच्या, म्हणजे कंद उकडून कुटलेल्या गोळ्यांच्या, पंगतीला तो सदरा न घालताच बसला. वाऱ्याची झुळूक खांद्यावरून गेली, ती त्याला फार बरी वाटली.

कोफी टक लावून पाहत होता. "दादा, तीस वर्षं हे लपवत होतास? मला वाटलं, कुणा बाईचं नाव गोंदवलंयस!"

अकुआला इतकं हसू फुटलं की पळीतलं सार सांडलं. यावनं ताटली पुढे केली. "हसून झालं की वाढ. भूक लागलीय."